डालड्याच्या डब्यातली नाणी : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दिवाळीची झाडझूड. माळ्यावरून अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, डालड्याचा डबा खाली काढला. ‘अण्णांची फॉरेनची नाणी’ एवढीच त्याची घरात ओळख, हात कोणी लावत नसे. अण्णांना जाऊन आषाढात वर्ष झालं. आता उघडायला हरकत नाही, हे आईच म्हणाली.

आत निघालेलं सामान: कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या, करड्या झाकणाच्या, ६१. मांजरपाटाची एक पिशवी, तोंड सुतळीनं आवळलेलं. तळाशी दोन लवंगा आणि मेलेलं झुरळ. शेजारच्या किराणा दुकानात वजन केलं, डब्यासकट अडीच किलोला थोडं कमी.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. वेरूळच्या लेण्यांपाशी अण्णांचं हॉटेल होतं, १९७४ ते २००६. हॉटेल म्हणजे आमच्याकडे दोन बाकडी, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि वर पत्रा. फॉरेनर मंडळी कैलास बघून यायची, बाकड्यावर बसून कॅमेऱ्यातला रोल बदलायची आणि रिकामी डबी तिथंच टाकायची. अण्णांनी एकही डबी वाया घालवली नाही. आमच्या घरात हिंग, मेथ्या, टाचण्या, बटणं, माझी पेन्सिलीची टोकं, सगळं त्याच डब्यांत असायचं.

ठरवलं असं: देशानुसार लावायचं. शाळेत असतं तसलं एक कोरं रजिस्टर विकत आणून रकाने आखले. देश, किंमत, साल, धातू, वजन, शेरा. दिवाळीच्या सुट्टीत संपेल.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी १७ डब्या उघडून सुपात ओतल्या. ८४ नाणी. दुपारपर्यंत वाट्यांमध्ये देश लागले. इंग्लंड, फ्रान्स, इटली, अमेरिका सोपे. जपानला दोन वाट्या लागल्या. प्रत्येक डबीत कागदाची एकेक सुरळी होती, नाणी खुळखुळू नयेत म्हणून कोंबलेली. काही तर एसटीच्या तिकिटांच्या. केरात टाकल्या.

आई दोनदा येऊन बघून गेली. ती मूळची परभणीकडची, बोलणं अजून तसंच. “काय करायलास रे एवढं? भाजी निवडल्यावानी दिसायलंय.”

वेग चांगला आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार, रात्री

वेग चांगला नव्हता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

अठरावी डबी मुलीनं उघडली. तिनं सुरळी टाकून न देता उलगडली आणि मोठ्यानं वाचली: “१२-२-८८. फ्रान्स. चा २, आमलेट १. बाकी सव्वादोन.” अक्षर अण्णांचं. डबीत फ्रान्सचीच तीन नाणी.

म्हणजे काल केरात गेले ते कागद म्हणजे या डब्यांच्या चिठ्ठ्या होत्या. केराची बादली सकाळी घंटागाडीत रिकामी झालेली. दिवाणाखाली, सुपाखाली, कोपऱ्यात हुडकून ११ मिळाल्या. ६ गेल्या त्या गेल्या. आणि ८४ नाणी कुठल्या डबीतली हे आता कोणी सांगू शकत नाही. तीस-चाळीस वर्षं झाकणाखाली टिकलेला हिशोब मी अर्ध्या दिवसात मोडला.

सापडलेल्या ११ उतरवून घेतल्या. बहुतेकांत तारीख, देश, खाल्लं काय, बाकी किती. दोन-तीन गमतीच्या. एक: “९-१-८४. इटली, म्हातारा म्हातारी. चा २. कोनचं नाणं दिलं, चालतं म्हणाले.” कोणत्या देशाचं ते अण्णांनाही कळलं नसावं, पण चहा दिलेला दिसतोय.

आजपासून नियम: एका वेळी एकच डबी. झाकणावर खडूनं क्रमांक. चिठ्ठीचा फोटो, मग नाणी, मग दोन्ही एकाच कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत ठेवायची नाहीत, त्यानं नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

३४ डब्या झाल्या. आजचा दिवस सालाच्या रकान्यात गेला, आणि तो सगळ्यात मजेचा निघाला.

एका डबीत देवनागरीतलं नाणं. साल २०३४. आधी वाटलं खेळण्यातलं. मग ‘श्री ५ वीरेन्द्र’ वाचलं. नेपाळ, विक्रम संवत. ५७ वजा केले की १९७७. मी ते पहिल्या दिवशी ‘भारत’ वाटीत टाकलं असतं, अक्षर आपलंच ना.

थायलंडचं एक बाटचं नाणं: राजाचा चेहरा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला चक्क गरुड. आकडे थाई, ते फोनवर जुळवत बसलो: २५१७. बुद्धाब्द. ५४३ वजा, म्हणजे १९७४. चिठ्ठी: “थायलंडचे भंते ४. पैशाला हात लावत नाहीत. सोबतच्या माणसानं दिलं. गरुड आहे. चा घेतला नाही, पाणी दिलं.” पाण्याचे पैसे अण्णा कुणाकडून घेत नसत, मग हे नाणं कशाचं? चिठ्ठी एवढंच सांगते.

जपानी पाच येनला मधोमध भोक आणि एकही ओळखीचा आकडा नाही. किंमतही चित्रलिपीत, सालही. त्यांचं साल राजाच्या कारकिर्दीचं. शोवा ४८ म्हणजे १९२५ मिळवून १९७३. पुढच्या हेइसेइला १९८८ मिळवायचे. चित्रलिपीतले एक ते दहा मुलीनं कागदावर काढून भिंतीला चिकटवले, आता ती माझ्याआधी वाचते. नाण्यावर भाताची लोंबी आहे, भोकाभोवती यंत्राचं दातेरी चाक, खाली पाण्याच्या रेघा. शेती, कारखाना, मासेमारी. एवढुशा पितळेत सगळा देश बसवलाय.

इस्रायलचं एक, साल ज्यूंच्या कालगणनेचं: त्यातून ३७६० वजा.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर ही वजाबाकी-बेरीज मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. सातवीच्या वर्गाला देण्याजोगा गृहपाठ आहे.

जपानी एक येन ॲल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅम वजनाचं असतं. ऑनलाइन मागवलेला छोटा काटा त्यावर तपासला. १.००. काटा ठीक.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. अण्णा दरवर्षी यातली एकच डबी पाटावर ठेवायचे, कुठली ते त्यांनाच ठाऊक. आम्ही डोळे मिटून एक उचलली. इटली निघाली. चालतं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. ताई आली. तिला रजिस्टर दाखवलं, वाटलं कौतुक करेल. ती चिठ्ठ्याच वाचत बसली आणि मग म्हणाली, “हे जमवलेलं नाहीये रे. हे बुडालेलं आहे.”

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळा सुटली की हॉटेलवर कपबश्या विसळायची. तिनं सांगितलं ते असं. परदेशी नोट बँकेत किंवा पैसे बदलून देणाऱ्याकडे चालते, नाणं कुणी घेत नाही. फॉरेनरकडं सुटे नसले, की तो खिशातली आपल्या देशाची नाणी पुढे करायचा. बाकीचे हॉटेलवाले नको म्हणायचे. अण्णा घ्यायचे. मग त्याच देशाचा दुसरा कोणी आला, की ती डबी त्याच्यापुढे उघडायची: तुमच्याकडचंच आहे, घ्या आणि रुपये द्या. लेण्यांपाशी नाणी मागत फिरणारी पोरंही हाच धंदा करायची, पण चिठ्ठ्या फक्त अण्णांच्या. पैसे वसूल झाले की चिठ्ठी चुलीत आणि डबी रिकामी.

“म्हणजे डब्यात राहिलं ते?”

“ते कुणी सोडवून नेलं नाही ते. सावकाराकडं गहाण पडून राहावं तसं.”

रजिस्टर पुन्हा चाळलं. खरंच. जर्मनीची ३३ नाणी, पण सगळी एक, दोन, पाच नि दहा पफेनिगची (शंभर पफेनिगचा एक मार्क). मार्काचं एकही नाही, पन्नास पफेनिगसुद्धा नाही. इंग्लंडचे पेन्स आहेत, पौंड नाही. जपानची एक आणि पाच येन, शंभराचं नाही. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की अण्णांना बिचाऱ्यांना हलकीच नाणी मिळाली. तसं नव्हतं. भारी सगळी परत गेली, आपापल्या देशाच्या माणसाच्या खिशात. चिल्लर कोण सोडवून नेणार?

शेऱ्याच्या रकान्याचं नाव खोडून ‘बाकी’ केलं.

१० नोव्हेंबर, रविवार

काम बंद. निवडणुकीचं प्रशिक्षण, मग २० तारखेचं मतदान. केंद्राध्यक्ष आहे. डबा कपाटात.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळ्या ६१ डब्या उघडून झाल्या. एकूण ३१८ नाणी, पिशवी सोडून. आज चुंबक फिरवला. बंद पडलेल्या स्पीकरचा आहे, दणकट.

इटलीचे ५० आणि १०० लिरा पटकन चिकटतात, पोलादाच्या जातीचे आहेत. फ्रान्सचा एक फ्रँक निकेलचा, तोही चिकटतो. इंग्लंडचे जुने पेनी-दोन पेनी चिकटत नाहीत, १९९२ पासूनचे चिकटतात. वरून तांबं, आतून पोलाद. तांबं महाग झालं की सरकारं काय करतात ते चुंबकाला कळतं.

पूर्व जर्मनीची ९ नाणी, ॲल्युमिनियमची, आपल्या जुन्या वीस पैशाइतकी हलकी. यांची चिठ्ठी ठसठशीत: “जर्मनी. पण दुसरी जर्मनी. जर्मन लोक घेत नाहीत, हसतात.” तिकडून लोक इकडं फारसे यायचेच नाहीत, मग नाणी कशी आली? अंदाज असा: पूर्वेत जाणाऱ्या पश्चिमेच्या माणसाला १९८० पासून रोजचे २५ मार्क सक्तीनं बदलून घ्यावे लागत. त्यातली उरलेली चिल्लर कोणाच्या तरी पिशवीतून वेरूळपर्यंत आली असणार, आणि भजी खाऊन झाल्यावर अण्णांच्या गळ्यात पडली. १९९० मध्ये तो देशच राहिला नाही. ही डबी अजून किती दिवस उघडून दाखवत होते अण्णा?

एका नाण्यानं तास घेतला. पिवळट, एका बाजूला दोन खाचा, दुसरीकडे एक. राजा नाही, देशाचं नाव नाही, किंमत नाही. बारीक आकडा ७९०४. चुंबकाला दाद नाही. वजन सहा ग्रॅमच्या वर. पहिल्या दिवशीच्या मिसळीतलं आहे, त्यामुळे डबी माहीत नाही. शेवटी लागलं: ते नाणंच नाही. इटलीतल्या सार्वजनिक फोनमध्ये टाकायचं टोकन. आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, १९७९ चा एप्रिल. तिकडं ते सर्रास नाण्यासारखं हातोहात चालायचं, फोनचा दर असेल ती त्याची किंमत: आधी ५० लिरा, मग १००, शेवटी २००.

८ डिसेंबर, रविवार

मांजरपाटाची पिशवी उघडली. ही अण्णांची नव्हे, आजोबांची. २६ नाणी, चिठ्ठी नाही.

१४ निजामाची. चारमिनार ओळखू येतो, मधल्या कमानीत अरबी ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अलीचं. दोन नाण्यांवर त्या जागी ‘मीम’, म्हणजे त्याचा बाप महबूब अली. साल हिजरी, शिवाय कारकिर्दीचं वर्ष वेगळं. जपानसारखंच की! चौकोनी आणेही आहेत, कोपरे गोलसर केलेले. चांदीचे रुपये तीन.

उरलेली १२ इंग्रजांची. पंचम जॉर्जचा रुपया, भोकाचे पैसे पाच, आणि वाघाचा १९४७ चा रुपया. तो चुंबकाला चिकटला. चांदी संपून निकेल आलं होतं तोवर.

आईला बोलावलं. तिनं दोन चांदीचे रुपये घेतले, फरशीवर आपटून आवाज ऐकला. “हा कलदार. हा हाली.” बरोबर होतं. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली निजामाचा. काट्यावर कलदार साडेअकराच्या वर, हाली अकराच्या आसपास. हालीत चांदीही कमी.

आईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या वर्षातला, तिनं हे व्यवहारात फार पाहिलेलं नाही. पण तिच्या सासूचं बोलणं पाठ आहे: खुलताबादच्या बाजारात हाली, आणि मनमाडला गाडीतून उतरलं की कलदार. शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजायचे. म्हणजे सहाला सात. आजोबा शाळेत गेले नव्हते, हा हिशोब तोंडी करायचे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं तरी हाली लगेच गेली नाही, काही वर्षं दोन्ही चालली. १९५९ मध्ये ती पूर्ण बंद झाली.

आता रजिस्टरचा प्रश्न. ‘देश’ या रकान्यात काय लिहू? हैदराबाद लिहिलं. पण मग कलदार? वेरूळात बसलेल्या माझ्या आजोबांच्या लेखी परकं नाणं कलदार होतं, चारमिनार घरचा. मी ते ‘भारत’मध्ये टाकायला निघालो होतो. तासभर विचार करून लिहिलं: “कलदार. बाहेरचं. मनमाडकडचं.” मुलगी म्हणाली हा देश नाहीये. नसू दे.

कुणीतरी कधीतरी यातले चार पैसे चिंचेनं घासलेत. लखलखीत आणि मेलेले. यापुढे घासणं बंद. फार मळलेलं असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्यात रात्रभर, मग मऊ फडक्यानं टिपायचं. पुसायचं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

संभाजीनगरला सराफ्यात एका नाणेवाल्याकडे गेलो. माणूस जाणकार आणि सरळ. काळ्या डब्यांमधलं सगळं त्यानं एका नजरेत बघितलं आणि म्हणाला, गुरुजी, हा माल किलोवर जातो. हालीचे आणि कलदारचे रुपये मात्र चांदीच्या भावाखाली कुणाला देऊ नका. शंभर वर्षांवरची असतील ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत हेही सांगितलं, न विचारता.

जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही बदलून देते, मुदत नाही. घरी येऊन हिशोब केला. आमचे ३३ मिळून दोन मार्क सहा पफेनिग. एका युरोला १.९५५८३ मार्क. जेमतेम एक युरो पदरात, पाकिटाचं टपाल त्याच्या कितीतरी पट. फ्रँकच्या नाण्यांची मुदत २००५ मध्ये आणि लिराची २०११ मध्येच संपली. म्हणजे उधारी आता कायद्यानंही बुडीत.

चिठ्ठ्या बघून तो थांबला. “ह्या विकणार का?”

नाही म्हणालो. तो हसला, “मग नाणीही कशाला विकता?”

२९ डिसेंबर, रविवार

नाताळच्या सुट्टीत पहिल्या दिवशीचं पाप फेडायला बसलो. ८४ नाणी, ११ चिठ्ठ्या, १७ रिकाम्या डब्या. जे लागेल ते लावायचं.

युक्त्या: चिठ्ठीवरच्या तारखेनंतरचं साल असलेलं नाणं त्या डबीत असू शकत नाही. या एका चाळणीनं बरंच सुटलं. काही डब्यांच्या तळाला नाण्याच्या काठाचा गोल वळ उमटलाय, त्यात नाणं ठेवून बघायचं. ‘अमेरिका, कॉलेजच्या पोरी ३’ ही चिठ्ठी १९७९ ची, त्यामुळे १९८३ चं क्वार्टर तिथून बाद झालं. संध्याकाळपर्यंत ७ डब्या बऱ्यापैकी खात्रीनं भरल्या.

मग त्या ९-१-८४ च्या चिठ्ठीवर आलो. इटली, म्हातारा म्हातारी, चा २. “कोनचं नाणं दिलं, चालतं म्हणाले.” पुन्हा वाचलं. भिंगाखाली धरलं. अण्णांचा क आणि फ सारखाच, सातवीपर्यंतच्या अक्षराचा. कोनचं नाही. फोनचं.

फोनचं नाणं दिलं, चालतं म्हणाले.

मी तासभर इंटरनेटवर हुडकलं ते त्यांनी त्या दिवशी बाकड्यापाशी उभं राहून विचारून घेतलं होतं. कुठल्या भाषेत विचारलं, देव जाणे. त्यांचं इंग्रजी ‘टी, ऑमलेट, सिक्स्टीन नंबर केव्ह, व्हेरी गुड’ एवढंच.

टोकन त्या डबीत ठेवलं. डबी क्र. ९.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शेवटची मोजणी.

भरलेल्या डब्या ५५, त्यातल्या ५१ खात्रीच्या, चारांवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. डब्या रिकाम्या ६, चिठ्ठी हरवलेल्या. त्यांची १९ नाणी एका पाकिटात, वर लिहिलंय: “यांची माहिती माझ्यामुळे गेली. २०-१०-२४.” पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं.

सगळ्यात जुनी चिठ्ठी १९७५ ची, सगळ्यात नवी फेब्रुवारी २००३ ची: “युरो. कोणत्या देशाचा विचारलं तर सगळ्यांचाच म्हणे.” त्यानंतर एकही नाही. हॉटेल पुढं तीन वर्षं चाललं, पण तोवर रोलही येईनासे झाले असणार. डिजिटल कॅमेऱ्याला डबी नसते.

मंगळवारी लेणी बंद, म्हणून पुढच्या रविवारी ताईला आणि आईला घेऊन वेरूळला जायचं ठरलंय. हॉटेलची जागा दाखवायची आहे मुलीला. ती पूर्व जर्मनीची डबी सोबत घ्या म्हणतेय. कुणी जर्मन भेटला तर विचारू, सोडवून नेतो का.